तक्ता पाठवत नाही, त्याचे कारण

कोल्हापूर,
११ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरातल्या त्या लग्नात तू मला आधी ओळखलेच नाहीस, आणि ओळखलेस तेव्हा हातातले ताट शेजारच्या खुर्चीवर ठेवून, चारचौघांत, बाजारात दुधी पारखावा तसा माझा दंड दाबून पाहिलास. त्या गर्दीत काही बोलता आले नाही. परवा तुझा निरोप आला की, ‘तुझा तो डाएटचा तक्ता पाठव, मे महिन्यात मुलीचे लग्न आहे, तोवर पंधरा किलो उतरवायचे आहेत.’ मोबाईलवर उत्तर लिहायला घेतले, ते काही केल्या आटोपेना, म्हणून शेवटी कागद पुढे ओढला. तक्ता मी पाठवत नाही. तो माझ्या फायलीत अजून आहे. पण त्याच तक्त्यापायी मी माझे पित्ताशय गमावले, हे तुला आजवर सांगितले नव्हते.

सुरुवातीपासून सांगतो. २०२२ च्या जानेवारीत माझे वजन १२१ किलो होते, कमर १२४ सेंटिमीटर, आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती तपासणी ७.४ आली होती, ६.५ च्या पुढे मधुमेह धरतात. पण मला हलवले ते या आकड्यांनी नव्हे. लेखापरीक्षणासाठी एका गावच्या विकास सोसायटीत गेलो असताना माझ्याखालची प्लास्टिकची खुर्ची मागच्या पायातून चिरली. कोणी हसले नाही, मीही पडलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, तर शिपायाने कोणी न सांगता आतल्या खोलीतून जुनी लोखंडी खुर्ची आणून, फडक्याने पुसून, माझ्या टेबलाशी लावून ठेवली होती. त्या माणसाच्या मनात केवळ सौजन्य होते, आणि म्हणूनच ते मला फार लागले.

त्याच आठवड्यात एका परिचिताने तक्ता दिला: सकाळी दुधीचा रस, दुपारी काकडी आणि एक फुलका, रात्री मुगाचे कढण. दिवसाच्या जेमतेम आठशे कॅलरी होत असतील. चार महिन्यांत अठरा किलो उतरले आणि जो भेटेल तो कौतुक करू लागला. मी जिना चढताना कठड्याला धरून चढत होतो आणि न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका साचत होता, ते कोणाला दिसत नव्हते. जुलैमध्ये एका रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मला वाटले, हृदयच बंद पडते आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. शल्यचिकित्सकांनी नंतर समजावून सांगितले की, वजन झपाट्याने उतरू लागले की यकृत पित्तात अधिक कोलेस्टेरॉल सोडते, आणि स्निग्ध पदार्थ पोटात जातच नसतील तर पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होत नाही. मग त्या साचलेल्या पित्तात खडे धरतात. तू चार महिन्यांत पंधरा किलो म्हणतोस. मी चार महिन्यांत अठरा केले होते. फरक तीन किलोंचाच आहे.

दिवाळीपर्यंत मी पुन्हा ११२ वर होतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर, उतरलेल्या अठरा किलोंत मुद्दलही गेले होते. उपाशी राहून आणि हातपाय न हलवता वजन कमी केले, तर उतरलेल्या वजनातला पाव हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, चरबीचा नसतो. त्यात स्नायूही जातात. परत येते ती मात्र बहुतेक चरबीच. म्हणजे ताळेबंदाची बेरीज सुधारलेली दिसते आणि आतली मालमत्ता विकली गेलेली असते. त्या दिवाळीत मी १२१ किलोंच्या माझ्यापेक्षाही अशक्त होतो. आकाशकंदील लावायला स्टुलावर चढलो आणि उतरायला मुलाचा हात मागितला.

डिसेंबरात मी आमच्या पेठेतल्या तालमीत गेलो. तू आला होतास त्या काळची तालीम राहिलेली नाही. एका खोलीत लाल मातीचा हौदा तसाच आहे, आणि शेजारच्या खोलीत रॉड, डंबेल आणि यंत्रे आली आहेत. वस्ताद अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांनी मला वरून खाली न्याहाळले आणि विचारले, “सायेब, वजन उतराय आलाय, का अंग कमवाय?” मी म्हणालो, दोन्ही. ते म्हणाले, “मग आदी जेवाय शिका.”

मला तो विनोद वाटला होता. आपल्याकडे पहिलवान म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तुपाची वाटी आणि सुटलेले पोट येते. पण त्याच खोलीच्या भिंतीवर खाशाबा जाधवांचे छायाचित्र होते, आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले ते ५७ किलोंच्या गटात, याची आठवण वस्तादांनी मला दुसऱ्याच दिवशी करून दिली. खुराक याचा अर्थ पुष्कळ खाणे असा नसून अंगाला लागेल असे खाणे, हे मला तेव्हा कळले. मी आठवडाभर खाल्लेला प्रत्येक पदार्थ वहीत मांडला, तर दिवसाला प्रथिने भरली पन्नास ग्रॅमच्या आसपास, आणि व्यायाम करून स्नायू वाढवायचे तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम लागतात. स्थूल माणसाने हा हिशेब आजच्या वजनावर न करता जे वजन गाठायचे त्यावर करावा. तसा करूनही मला सव्वाशे ग्रॅम हवी होती. आपण ज्याला ‘भरपूर जेवण’ म्हणत होतो ते किती पोकळ होते, हे त्या वहीत पाहून मला खरोखर लाज वाटली.

आता सकाळी चार अंडी, म्हणजे चोवीस ग्रॅम. दुपारी दोन भाकऱ्या, घट्ट उसळ आणि मोठी वाटीभर दही. संध्याकाळी तालमीहून आल्यावर पाण्यात कालवलेली एक चमचा व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची भुकटी), आणि रात्री दोनशे ग्रॅम चिकन. सोमवारी आणि श्रावणात चिकनच्या जागी सोयाबीनच्या वड्या किंवा पनीर येते. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत सव्वीस ग्रॅम प्रथिने असतात, आणि त्या नीट पिळून कांदा-लसूण मसाल्यात परतल्या तर माणूस तक्रार करत नाही. उपासाच्या साबुदाण्याबद्दल मात्र मी घरात बोलणे सोडून दिले आहे. त्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नाही, हे आईला सांगून मी एकदा पाहिले.

आणि कॅलरींची तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाणे म्हणशील, तर ती कुठून काढली ते ऐकून तू हसशील. मी दिवसाला सहा कप चहा घेत होतो, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे साठ ग्रॅम साखर आणि २४० कॅलरी. घरात चौघांना महिन्याला पाच लिटर तेल लागत होते, ते बायकोने तीन लिटरवर आणले. त्यातून माणशी दिवसाला सुमारे १४० कॅलरी वाचल्या. किलोभर चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. या दोन बदलांनी आठवड्याला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम उतरू लागले. दुधीचा रस नाही, उपास नाही. अर्थात हे गणित सरळ चालत राहत नाही, कारण लहान झालेल्या देहाचा खर्चही लहान होतो. ९४ वर काटा अकरा आठवडे अडून बसला आणि त्या काळात मी घरात सगळ्यांवर डाफरत होतो. शेवटी रोज संध्याकाळी रंकाळ्याची फेरी सुरू केली आणि भाकरी दीडवर आणली, तेव्हा तो हलला.

तू घाम आणणाऱ्या पट्ट्याविषयी विचारले आहेस. तू रसायनशास्त्र शिकवतोस, म्हणून तुला हे सांगायला संकोच वाटतो. पण दहा किलो चरबी जळाली तर तिच्यातले आठ किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि उरलेले पाणी होते. पट्ट्याने निघतो तो घाम. तो तू तांब्याभर पाणी प्यालास की परत येतो. पट्टा घेऊ नकोस.

आता व्यायाम. पहिले सहा आठवडे मी बाकावर बसत आणि उठत होतो, एवढेच. गुडघे त्याहून अधिक सोसत नव्हते. मग वीस किलोंचा रिकामा रॉड खांद्यावर आला. पद्धत साधी आहे: एका वजनाने आठ वेळा जमले की ते बारापर्यंत न्यायचे, बारा झाले की अडीच किलो वाढवून पुन्हा आठवर यायचे, आणि हे वहीत लिहायचे. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. त्याच खांद्यांवर आज ११० किलोंनी पाच बैठका होतात. हे वाचायला सोपे आहे, पण रिकाम्या रॉडपासून इथवर यायला तीन वर्षे लागली. त्यात खांदा दुखावल्याने दोन महिने गेले, आणि गळीत हंगामाच्या तपासणीत रात्री अकराला घरी पोहोचत होतो ते आठवडे निराळेच.

सिंगल बारचे मात्र तुला सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण शाळेत मी त्या बारला नुसता लोंबकळत असे आणि तू खालून माझे पाय हलवत असायचास. तालमीतही वर्षभर मी लोंबकळतच होतो. नंतर स्टुलावरून उडी मारून हनुवटी बारवर न्यायची आणि अंगाचे वजन तोलत, दात खाऊन, सावकाश खाली यायचे, असे पाच महिने केले. २०२४ च्या जूनमध्ये, पाऊस कोसळत असताना, तालमीत मी आणि वस्ताद दोघेच होतो. वजन ८५ होते. तळहातांना माती चोळली, बार धरला, आणि कोपर वाकले. मध्यावर आल्यावर दोन्ही दंड थरथरू लागले, पाठीत खालपासून काहीतरी आवळत वर आले, आणि मग पत्र्याखालची कोळ्याची जाळी माझ्या डोळ्यांच्या रेषेत आली. ती जाळी मी तोवर खालूनच पाहिली होती. खाली उतरलो तेव्हा वस्ताद म्हणाले, “आता दुसरी.” ती काही झाली नाही.

त्या नोव्हेंबरात ७८ पर्यंत उतरलो, आणि तिथे चेहरा इतका ओढलेला दिसू लागला की मी मुद्दाम खाणे वाढवले. सहा महिन्यांत ८४ झालो, मग थोडे उतरवले. आज ८२ आहे, कमर ८७. साखरेची ती तपासणी ५.६ येते आणि डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आहेत. गंमत अशी की, उंची-वजनाच्या कोष्टकात भारतीयांसाठी २५ च्या पुढचा माणूस लठ्ठ मानतात आणि माझा आकडा २७.४ आहे, म्हणजे कागदोपत्री मी अजूनही लठ्ठच. पुरुषाची कमर नव्वदच्या आत असावी, हा दुसरा निकष मी पाळतो आणि कोष्टकाकडे पाहत नाही.

तुला दिसली ती बेटकुळी खरी आहे. सगळ्यांत आधी मनगटावरच्या शिरा दिसू लागल्या, मग खांदा दंडापासून वेगळा झाला, पाठ तर मला फोटोतच कळली. पोटाचे मात्र विचारू नकोस. इतकी वर्षे ताणलेली कातडी मागे येत नाही. जोर मारायला वाकलो की ती रिकाम्या पिशवीसारखी लोंबते, आणि तिच्याआड जे काही पिळदार आहे ते तिथेच राहणार आहे. सुरुवातीला वाईट वाटत होते, आता शर्ट घालतो.

लोकांचेही ऐकावे लागते. “शुगर लागली काय?” हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, ती होती तेव्हा कोणी विचारले नाही, आणि गेली तेव्हा सगळे विचारतात, असे उत्तर मी तयारच ठेवले आहे. आई अजून “वाळलास रे” म्हणते. माझ्या डोक्यालाही पुरते पटलेले नाही. एसटीत दोन सीटांमधून जाताना मी आजही तिरका होतो. मागच्या महिन्यात त्याच सोसायटीत गेलो, तर शिपायाने सवयीने तीच लोखंडी खुर्ची आणली. मी काही बोललो नाही. बसायला ती खरोखर चांगली आहे.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयी तू चाचरत लिहिले आहेस. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मी ती घेतली नाहीत, तुला हवी की नकोत हे तुझे डॉक्टर ठरवतील. पण त्यांनी भूक मरते, स्नायू येत नाहीत. घेतलीस तरी प्रथिने आणि रॉड सुटत नाहीत.

तेव्हा आधी रक्त तपासून घे, आणि तुझ्या वडिलांना हृदयविकार होता म्हणून हृदयाचीही तपासणी कर. आठवडाभर खाल्लेले सगळे लिहून मला पाठव. काही लपवू नकोस, तुझी फरसाणाची बरणी मला ठाऊक आहे. बाकावर बसणे-उठणे उद्यापासून सुरू कर. मेपर्यंत पाच-सहा किलो उतरतील, पंधरा नाहीत, आणि फोटोत तू बराचसा तूच दिसशील. सफारीचे माप मात्र आत्ता देऊ नकोस. शिंप्याला एप्रिलअखेरची वेळ सांगून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
बाकावरचा जुना शेजारी