सेबीच्या अध्यक्षांना खुले पत्र : दहापैकी नऊ जणांचा नको, ज्याचा त्याचा आकडा दाखवा

प्रति,
मा. श्री. तुहिन कांत पांडे,
अध्यक्ष, सेबी,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

स. न. वि. वि.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या तुमच्या मंडळाच्या आदेशावरून १ जुलै २०२३ पासून ब्रोकरच्या ॲपमध्ये शिरताना एक चौकट उघडते. वायदे आणि ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावर आज केलेल्या सौद्यांत, दहापैकी नऊ जणांना तोटा होतो, असं तिथे लिहिलेलं असतं. खाली एक बटण असतं, ते दाबलं की बाजार सुरू. मी सांगलीत एका ब्रोकरच्या अधिकृत प्रतिनिधीच्या ऑफिसात डीलर आहे, टर्मिनलवर बसते, फोनवरून येणाऱ्या ऑर्डरी टाकते. ही चौकट कुणी थांबून वाचलेली मी पाहिली नाही. आणि वाचूनही काय होणार? ते नऊ जण म्हणजे बाकीचे, आपण दहावे, याबद्दल आमच्या एकाही ग्राहकाच्या मनात शंका नाही.

पत्र मराठीत लिहिते आहे. तुमचं कार्यालय मुंबईतच आहे, वाचून दाखवणारं कुणी ना कुणी मिळेल. शिवाय तुमच्याच सप्टेंबर २०२४ च्या पाहणीत या बाजारात उतरणाऱ्यांमध्ये महाराष्ट्र पहिला आहे, साधारण पाचात एक माणूस आमचा. तेव्हा भाषेचा हक्क आहेच.

माझं म्हणणं एकच आहे, पण ते पटायला आमच्या खोलीतला मंगळवार डोळ्यांसमोर यायला हवा. मंगळवारी निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या सौद्यांची एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपायचा दिवस, गुरुवारी सेन्सेक्सची. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा ऑफिसात दोघं-तिघं असतात. दुपारी दीडनंतर खुर्च्या कमी पडायला लागतात. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, हार्डवेअरच्या दुकानावर मुलाला बसवून आलेले शेठ, कॉलेज बुडवून आलेली दोन पोरं. कुणाचं ऊसबिल जमा झालेलं, कुणी बायकोला न सांगता सोनं तारण ठेवलेलं. ही दुसरी गोष्ट मला कुणी सांगत नाही, पण पैसे कधी आले आणि कुठल्या बँकेतून आले हे लेजरवर दिसतं, आणि गाव लहान आहे.

मग 'हिरो-झिरो'ची वेळ होते. निफ्टी जिथे आहे तिथून शंभरेक अंश लांबच्या कॉलचा, म्हणजे निफ्टी त्या पातळीच्या वर गेला तरच पैसे देणाऱ्या ऑप्शनचा, भाव तोवर चार रुपयांवर आलेला असतो. लॉट, म्हणजे कमीत कमी घ्यावा लागणारा गठ्ठा, ६५ चा, तेव्हा २६० रुपयांत एक लॉट. दहा लॉट घेतले तर २,६०० रुपये. चारचे चाळीस झाले तर २६ हजार, आणि साडेतीनपर्यंत ते होऊ शकतात, कधीमधी होतातही. ज्या मंगळवारी होतात त्याची कथा पुढचे सहा महिने चालते, मोबाइलवर त्या हिरव्या आकड्याचा फोटो फिरतो, टेलिग्रामवरचा कुणी 'सर' तो आपल्याच नावावर खपवतो. उरलेल्या मंगळवारी चारचे पाच पैसे होतात. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

समोर कॉल विकणारा असतो. एक लॉट विकायला त्याला लाखाच्या वर मार्जिन, म्हणजे अनामत, भरावं लागतं, एक्स्पायरीच्या दिवशी तुम्ही घातलेलं दोन टक्के जादा मार्जिन वेगळं. त्याने काहीही केलं नाही तरी दर मिनिटाला तो कॉल झिजत असतो, आणि ती झीज विकणाऱ्याच्या खिशात जाते. ऑप्शनची किंमत म्हणजे प्रीमियम, आणि आमच्या भाषेत याला प्रीमियम खाणं म्हणतात. तो चुकला तर एका दिवसात वर्षाची कमाई घालवू शकतो, हेही खरं. पण तो बहुतेक वेळा संगणकाच्या भरवशावर बसलेला असतो आणि आमचे गुरुजी चहाच्या. तुमचीच पाहणी सांगते की २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूक संस्थांच्या नफ्यातले ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या प्रोप्रायटरी फर्मच्या नफ्यातले ९६ टक्के अल्गोरिदमवरून, म्हणजे संगणकाने आपोआप टाकलेल्या ऑर्डरींतून, आले. त्या वर्षी त्यांचा ढोबळ नफा अनुक्रमे सुमारे २८ हजार आणि ३३ हजार कोटी होता. वैयक्तिक ट्रेडरांचा तोटा, खर्च धरायच्या आधीच, ६१ हजार कोटींच्या वर. बेरीज करून पाहा.

जुलै २०२५ मध्ये तुम्ही जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीवर अंतरिम आदेश काढलात, ४,८४३ कोटींहून अधिक रक्कम रोखलीत. त्या आदेशानुसार १७ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी, बँक निफ्टीच्या एक्स्पायरीला, त्यांनी ऑप्शनमधून सुमारे ७३५ कोटी मिळवले. कंपनीने आरोप नाकारलेत, प्रकरण अपिलात गेलं, त्यावर मी बोलणार नाही. पण त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एकच चर्चा होती : आपण इतके दिवस कुणासमोर बसलो होतो? पुढच्या गुरुवारपर्यंत ती विरली.

आता कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दिवसाच्या व्यवहारांचं बिल, घ्या. समजा एका लॉटवर एक रुपया मिळाला. ॲपवर ६५ रुपये हिरवे झळकतात. घेताना वीस, विकताना वीस असं ब्रोकरेज, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ४७ रुपये २० पैसे. मग एसटीटी हा व्यवहारावरचा कर, एक्सचेंजचा आकार, त्याच्यावर पुन्हा जीएसटी, स्टॅम्प ड्युटी. हातात चहाचे पैसे उरले तर नशीब. आणि वीस रुपये हा स्वस्तातल्या ॲपचा दर झाला, आमच्यासारख्यांकडे फोनवरून ऑर्डर टाकली तर जास्तच लागतात. पण ग्राहक दिवसभर बघतो तो ६५. कॉन्ट्रॅक्ट नोट रात्री ईमेलने जाते, पासवर्ड पॅन नंबरचा. ती उघडणारा ग्राहक दिसला तर त्याचा सत्कार करावा असं मला खूप दिवस वाटतंय.

पूर्ण वर्षाचा हिशेब माणसाच्या नजरेस पडतो तो विवरणपत्र भरायची वेळ आल्यावर. ऑप्शनचं उत्पन्न धंद्याचं उत्पन्न धरतात, त्यामुळे सीए टॅक्स रिपोर्ट मागतो आणि माणसं ती घ्यायला आमच्याकडे येतात. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. वर्षभर विचारलं तर एकच उत्तर, "वरखाली चालायचंच ताई, पण बरोबरीत आहे." खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं, कारण जिंकलेले दिवस लक्षात राहत होते. रिपोर्ट छापून हातात दिली, चार लाखांच्या वर तोटा, त्यात सव्वा लाख नुसता खर्चाचा. काकांनी बँकेत आयुष्य काढलेलं, त्यांना ताळेबंद वाचायला शिकवायची गरज नव्हती. चष्मा पुसून पहिल्या पानावरचा पॅन नंबर त्यांनी स्वतःच्या कार्डाशी ताडून पाहिला. मग कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "हे मला दिवाळीत का नाही दाखवलंत?"

नियमात बसत नाही असं काही नव्हतं. ॲपमध्ये पाच ठिकाणी बोट लावलं की तीच रिपोर्ट मिळते. पण ऑर्डरचं बटण एका बोटावर आणि हिशेब पाच बोटांवर, ही मांडणी आपोआप झालेली नाही. काका दोन महिने फिरकले नाहीत. आता येतात, पण रोजच्या दहा ऑर्डरींऐवजी आठवड्याला एखादी.

म्हणून मागणी अशी आहे. दहापैकी नऊची चौकट राहू द्या, तिने कुणाचं काही बिघडत नाही. पण वायदा किंवा ऑप्शनची ऑर्डर टाकताना, बटणाच्या वर, त्या माणसाचा स्वतःचा आकडा दिसायला हवा : पहिल्या व्यवहारापासून आजवर, सगळा खर्च धरून, सगळ्या ब्रोकरांकडचा मिळून, निव्वळ किती मिळवले किंवा घालवले. आजचा नव्हे, या महिन्याचा नव्हे. फोनवर ऑर्डर देणाऱ्याला तो आकडा डीलरने आधी वाचून दाखवावा. मला सर्वात अवघड तेच जाणार आहे, तरीही लिहिते.

माहिती कुठून आणायची, हा प्रश्न उरत नाही. एक कोटीहून अधिक लोकांचा तीन वर्षांचा नफा-तोटा तुम्ही पाहणीसाठी काढलातच. त्यातूनच कळलं की ९३ टक्के तोट्यात गेले, मिळून १.८ लाख कोटींच्या वर, आणि तोटा होऊनही त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक खेळतच राहिले. जो आकडा अहवालासाठी जोडता येतो, तो ज्याचा त्याला सांगताही येईल. दर महिन्याला डिपॉझिटरीचं, म्हणजे शेअर खाती सांभाळणाऱ्या संस्थेचं, एकत्रित विवरण येतं, त्यात शेअर आणि म्युच्युअल फंड दिसतात. वायद्यात घालवलेल्या पैशांसाठी तिथेही एक ओळ घाला.

तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून कराराची किमान रक्कम १५ लाखांवर नेली, आठवड्याची एक्स्पायरी एका एक्सचेंजला एकाच निर्देशांकापुरती ठेवली. त्याआधी आठवड्याच्या प्रत्येक दिवशी कुठली ना कुठली एक्स्पायरी असायची आणि आमच्याकडे रोजच मंगळवार होता. तरी २०२४-२५ मध्ये वैयक्तिक ट्रेडरांचा निव्वळ तोटा ७४,८१२ कोटींवरून १,०५,६०३ कोटींवर गेला. बरेच उपाय त्या वर्षाच्या उत्तरार्धात आले, त्यामुळे दोष त्यांच्यावर टाकत नाही. एवढंच दिसतं की लॉट मोठा केल्याने कमी पैसेवाला बाहेर राहतो, पण आत बसलेल्याला आपण कुठे आहोत हे कळत नाही.

ब्रोकरांच्या संघटना विरोध करतील. आमच्या धंद्यात सोमवारी सकाळी वरून फोन येतो : किती ग्राहक ॲक्टिव्ह, किती ऑर्डरी, ब्रोकरेज किती. ग्राहकाला काय राहिलं याचा रकाना त्या तक्त्यात नाही. ऑक्टोबर २०२४ पर्यंत काही ब्रोकर ग्राहकाकडून एक्सचेंजच्या नावाने घेतलेल्या आकारातलाही फरक स्वतःकडे ठेवत, तो तुम्ही बंद केलात, तेव्हाही धंदा बुडाल्याची हाकाटी झाली होती. धंदा चालू आहे.

वायदा वाईट, असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. सांगलीकर आहे, हळदीचे वायदे या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेत. ज्याच्या गोदामात माल आहे त्याने उद्याचा भाव आज बांधून घ्यावा, यासाठीच ही सोय. गंमत अशी की सोयाबीनचे वायदे २० डिसेंबर २०२१ ला बंद झाले आणि बंदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. लातूरच्या व्यापाऱ्याला खरी गरज होती, त्याचं दार लावलं. गुरुजींना चार रुपयांचा कॉल मात्र दर मंगळवारी हजर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने क्रिकेटची टीम लावायच्या खेळांसकट पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद केले, त्यानंतर आमच्याकडे खातं उघडायला आलेल्या एका पोराने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, यात टीम लावावी लागते का?"

सगळ्या ऑर्डरींना एकदम लावणं जड वाटत असेल, तर एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी बारानंतरच्या ऑप्शन खरेदीपुरतं सहा महिने करून पाहा. आकडा बघून किती जणांनी ऑर्डर मागे घेतली, हे एक्सचेंजला मोजता येईल, आणि पुढचा निर्णय त्यावर घ्या.

आपली विश्वासू,
एक डीलर, सांगली