डॉक्टर पाच मिनिटांचे, प्रवास दिवसभराचा

महोदय,

कोयनेच्या पाण्यापलीकडे, कांदाटी खोऱ्यात आमचं गाव. आईची रक्तदाबाची गोळी बदलायची का, एवढं विचारायला सकाळी लाँचने बामणोलीला उतरायचं, तिथून कासमार्गे सातारा गाठायचं. डॉक्टर पाच मिनिटं तपासतात, म्हणतात, ‘तीच चालू ठेवा.’ परतीची लाँच चुकली की मुक्काम.

ही पाच मिनिटं व्हिडिओ कॉलवर भागू शकतात. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीकृत डॉक्टरांना तशी मुभा दिली आहे. सरकारची ई-संजीवनी ही व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचा सल्ला देणारी सेवा तर मोफत आहे. आरोग्य क्षेत्रातल्या नव्या स्टार्टअप कंपन्यांनीही आमच्याकडे यावं, अगदी मनापासून सांगतो.

पण येताना नुसतं ॲप आणू नका. पडद्यावर इंग्रजी दिसलं की आई फोन माझ्या हातात देते. मी घरी नसलो की तिचं विचारायचं राहूनच जातं. आणि रेंज मिळते ती घरामागच्या टेकाडावर, जिथे तिचे गुडघे तिला चढू देत नाहीत. त्यापेक्षा आशाताईंच्या हाती मराठी टॅब आणि बीपीचं मशीन द्या, या कामाचा वेगळा मोबदलाही द्या. त्यांनी घरी येऊन नोंद करावी, रेंज आली की ती आपोआप डॉक्टरांकडे जावी. औषधं लाँचने येऊ शकतात.

छातीत कळ आली, बाळंतपण अडलं, तर मात्र फोन पुरणार नाही. रात्रीच्या लाँचची आमची मागणी कायम आहे.

– एक वाचक, कांदाटी खोरे, जि. सातारा