आठशे रुपयांची मगर

प्रिय सुन्या,

तुझ्या नव्या पाकिटाचे फोटो मिळाले. झूम करकरून बघितले आणि मग एकटाच हसत बसलो, बायको विचारतेय काय झालं. अरे बाबा, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात 800 रुपयांना खऱ्या मगरीचं पाकीट कोण देतो रे? गाईचं कातडं आहे ते, वर गरम प्लेटने छाप मारलाय. नीट बघ, पुढे डाव्या कोपऱ्यात जो वाकडा चौकोन आहे तोच मागच्या बाजूलाही जसाच्या तसा आलाय. मगरीच्या अंगावर असं होत नाही, पोटावर खवले चौकोनी, कुशीकडे जाता जाता गोल नि बारीक, एकासारखा दुसरा शोधून मिळणार नाही. आणि भिंग लावलंस तर खऱ्या मगरीच्या पोटावरच्या खवल्यात सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, पाण्यातली हालचाल तिला तिथून कळते. अमेरिकन ॲलिगेटरला, म्हणजे मगरीच्या अमेरिकेतल्या चुलत भावाला, हे ठिपके फक्त जबड्याभोवती असतात, पोटावर नाहीत, दुबईत आमचा उस्ताद नव्या पोराला पहिली परीक्षा हीच द्यायचा. मी नापास झालेलो, सांगून टाकतो.

तुला वाटत असेल, मी दुबईत चार वर्षं घड्याळाचे पट्टे शिवले म्हणजे काय मोठं, पण मगरीचं कातडं हातात आलं की गाईचं विसरायला होतं. पोटाची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा भाव, प्रत्येक कातड्याला नंबरचा प्लास्टिकचा टॅग, कुठून आलं याचे कागद सोबत, तो टॅग हरवला तर मालक दिवसभर तोंड सुजवून बसायचा. पट्ट्याच्या दोन्ही तुकड्यांचे खवले जुळायला पाहिजेत म्हणून कापण्याआधी तासभर नुसतं कागदाचं माप फिरवत बसायचो. मागून रापी लावून पातळ करताना खरी गंमत, खवला जाड आणि दोन खवल्यांमधली खाच पातळ, हात जरा जड झाला की रापी आरपार. पहिल्या महिन्यात मी असं एक अख्खं कातडं भोकं पाडून ठेवलं, उस्ताद काही बोलला नाही, फक्त त्यातल्या तुकड्यांच्या चाव्यांच्या रिंगा करायला लावल्या, दोन दिवस, सगळ्यांसमोर. केमनचं, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या मगरीसारख्या प्राण्याचं, तर नावच नको, त्याच्या पोटात हाडाच्या चकत्या असतात, आरी घातली की करकर वाजतं आणि सुई मोडते.

अजगराचं वेगळंच, कागदासारखं पातळ, मागे दुसरं लेदर चिकटवल्याशिवाय उभंच राहत नाही. खवले सगळे शेपटीकडे झोपलेले, पर्स करताना दिशा उलटी लागली की बाईच्या साडीचा धागा अडकणार, ओढला की खवला उठणार. पोटाकडून चिरलं तर पाठीची नक्षी मधोमध येते, पाठीकडून चिरलं तर पोटाचे रुंद पट्टे, एकाच सापाची दोन वेगळी कातडी वाटतात.

आता तू विचारणार मग इथे का नाही करत. अरे, आपल्याकडे अजगर, मगर, घोरपड तिन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, पकडलो तर 3 ते 7 वर्षं आत. बाहेरून आणायचं म्हटलं तर 2017 पासून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातड्याच्या आयातीवरही बंदी. म्हणजे तुझं पाकीट खोटं निघालं यात तुझंच भलं झालंय! आणि खरं सांगू, कायदा नसता तरी इथे बसून मगर कापायला माझा हात धजला नसता. घरापासून जवळच कुंभारजुव्याचा कालवा, तिथल्या मगरी बघायला टुरिस्ट होडीतून जातात, आणि पौष अमावास्येला दुर्भाटकडे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावर चिखलाची मगर करून पूजतात, मानगे थापणी म्हणतात. अशा गावात मगरीचं पाकीट विकायला बसलो तर आई घरात घेणार नाही.

घोरपडीचं मात्र थोडं दुखतं. आमच्या मामाकडचं जुनं घुमट आठवतं ना, मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य, चतुर्थीला आरतीला वाजायचं, त्याला घोरपडीचं कातडं होतं. ते फाटल्यावर मीच बकरीचं चढवून दिलं. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, आणि आता बहुतेक सगळे बकरीचंच चढवतात. मामा पहिली थाप मारून म्हणाला, बोलतंय रे, पण आवाज जरा घशात अडकतोय. पावसात ढिलं पडतं, आरतीच्या आधी चुलीजवळ शेकावं लागतं. दोनदा बदललं मी, तिसऱ्यांदा जरा पातळ निवडलं, तेव्हा मामा गप्प बसला. माझ्यासाठी तेच सर्टिफिकेट.

तर पाकीट फेकू नकोस. शिलाई बरी आहे, फक्त कडेचा रंग सुटतोय आणि आतलं अस्तर भिकार दिसतंय. फोंड्याला येशील तेव्हा आण, कडा घासून नवीन रंग देतो, आत बकरीचं अस्तर लावतो. तोवर सॅनिटायझरच्या हाताने धरू नको, आणि पावसात कपाटात कोंडून ठेवलंस तर बुरशी तुझी, माझ्याकडे घेऊन यायचं नाही.

तुझा,
बाब्या