बडग्याचे डोके आणि सोवेई

महाल, नागपूर
श्रावण वद्य पंचमी

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

आठ महिने पत्र नाही, त्याचा राग भेटीत काढ. आज मात्र ऐक, कारण ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही. माझा गुडघा बरा आहे.

उन्हाळ्यापासून वस्तीतल्या अकरा मुलामुलींना मी शाडूचे मुखवटे शिकवतो आहे आणि या खेपेला विषय आफ्रिकेचा घेतला. एक कॉलेजकन्या सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांच्या सोवेई या मुखवट्यावरच अडून बसली. काळाभोर तुकतुकीत चेहरा, उंच कपाळ, मिटत आलेले डोळे, इवलेसे ओठ, गळ्याभोवती वळ्या. मूळ मुखवटा लाकडाचा असतो. पुरुष तो कोरतात, पण सांदे या स्त्रियांच्या मंडळातल्या बायका तो डोक्यावर चढवून, अंगभर काळ्या तंतूंचा झगा घालून नाचतात.

तिने वर्तमानपत्राच्या बोळ्यावर माती थापली, वळ्या चिकटवल्या आणि चमच्याच्या पाठीने दोन दिवस घोटले. पावसाळी हवेत सुकेना म्हणून कुणीतरी रात्रभर पंखा लावून ठेवला आणि सकाळी भुवईपासून शेंड्यापर्यंत तडा! वळ्या जाड, कपाळ पातळ. पातळ भाग आधी आकसला. मी तडा बुजवायला बसलो, तर म्हणाली, "काका, राहू द्या न. हा कुठे नाचणार आहे? भिंतीला टांगून खाली 'आफ्रिकन मुखवटा' लिहायचं, एवढंच. तिकडे कुणी आपली काळी मारबत, तान्ह्या पोळ्याला मिरवून जाळतो तो पुतळा, टांगून खाली 'आशियाई बाहुली' लिहिलं तर?"

वसंता, मला मारबतीच्या मिरवणुकीतल्या त्या पुतळ्याचे, बडग्याचे, डोके आठवले. मी ते माळ्यावर जपून ठेवणार होतो आणि तू हिसकावून जाळात टाकलेस, "जळला नाही तर बडग्या कसला!" म्हणून. चार महिने आपण बोललो नाही. बापूकाकांनी समेटासाठी संत्र्यांची पेटी मध्ये ठेवली, तर अर्धी तू एकट्यानेच संपवलीस. ते डोके जाळायला नको होते, असे मला आजही वाटते. पण त्या मुलीपुढे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आता प्रत्येक मुखवट्याखाली त्या त्या लोकांचे नाव लिहून घेतले आहे. मेंडे, दान, पुनू. तरीही रात्री वाटते की नाव लिहिल्याने नाच परत येत नाही, आणि न मांडावे, तर या पोरांनी त्या लोकांकडे इतके निरखून कधी पाहिले असते?

कुंदाची बदली झाल्याचे कळले, फार बरे झाले. धाकट्याच्या प्रवेशाचे कळव.

तान्ह्या पोळ्याला ये. मारबत पाहू आणि मग त्या मुलीला तुझ्यासमोर बसवतो. तोवर तडा बुजवत नाही.

तुझा,
दिगंबर