गाठीचा साइज पण छापा हो

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

मागे तुमच्या पुरवणीत 'ऑपरेशनशिवाय ब्रेस्ट कॅन्सर बरा' अशी बातमी आली होती, ती कापून माझ्या नणंदबाईंनी पोथीत जपून ठेवली होती म्हणून हे पत्र. त्यांना उजवीकडे गाठ निघाली आणि घरात सगळ्यांचं एकच, कशाला कापाकापी, आता सुईनं जाळून टाकतात ना! त्यात आपल्या बडोद्यात रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात, त्यामुळे 'उष्णतेनं उपचार' वाचून निम्म्या नातेवाईकांना वाटलं हेच ते शेक. अहो, दोन्ही वेगळं आहे.

डॉक्टरांनी कात्रण नीट वाचलं आणि पॅडवर चित्र काढून समजावलं. सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुई गाठीच्या मधोमध नेतात, मांडीला पॅड चिकटवतात, करंट सोडला की सुईच्या टोकाभोवती तापतं, 60 डिग्रीच्या वर गेलं की पेशी जागीच मरतात, अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ना तसंच. गाठ बाहेर काढतच नाहीत, मेलेली आतच राहते, नंतर बरेच दिवस हाताला टणक लागते. कातडीच्या फार जवळ असली तर भाजायची भीती. आणि तुकडा काढलेलाच नाही, तर कडेपर्यंत कॅन्सर संपला का हे मायक्रोस्कोपखाली बघणार कसं, मग एमआरआय वगैरे करून लक्ष ठेवायचं. काखेतल्या गाठी तपासायच्या त्या वेगळ्या, आणि शेक बहुतेक घ्यावे लागतातच. जपाननं डिसेंबर 2023 पासून हे सरकारी विम्यात बसवलंय, पण अट बघा, गाठ एकच हवी, दीड सेंटिमीटरपर्यंतच, आणि काखेत पसरलेलं नको.

दीड सेंटिमीटर म्हणजे केवढं? घरी येऊन नातवाची पट्टी घेतली आणि सेवउसळीसाठी भिजवलेला वाटाणा मोजला, एक सेंटिमीटरला जरा कमीच भरला. म्हणजे शेजारीशेजारी ठेवलेले दोन वाटाणेसुद्धा जास्तच की! नणंदबाईंच्या रिपोर्टात 3.2. दुखत नाही ना मग काय, असं म्हणत नवरात्र, दिवाळी, भाचीचं लग्न सगळं उरकलं आणि मग दाखवायला आल्या. ऑपरेशन करावंच लागलं, आता शेक चालू आहेत.

बातमी खोटी होती असं मी म्हणत नाही, पण साइजचा आकडा त्यात कुठेच नव्हता आणि सगळं तर त्यावरच अडलंय. आपल्याकडे वाटाण्याएवढी असताना गाठ घेऊन कोण जातं? मुंबईत टाटा हॉस्पिटलनं 1998 पासून वीस वर्षं दीड लाख बायकांवर अभ्यास केला, निम्म्या बायकांची छाती ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या, मॅमोग्राफी नाही की काही नाही, तर 50 च्या वरच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्के कमी झाले. आमच्या नणंदबाई 61 च्या, त्यांच्या छातीला आजवर कुणी डॉक्टरनं हात लावून तपासलं नव्हतं, बीपी-शुगर मात्र दर महिन्याला.

तर साहेब, पुढच्या वेळी सुईची बातमी सेंटिमीटरसकट छापा, आणि शेजारी हा मुंबईचा अभ्यास पण येऊ द्या, जागा कमी पडली तर राशिभविष्य थोडं कापा, चालेल.

आपली एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा