तक्रार : बूट बदलताना सागवानी खुर्चीचा पाय चिरला, त्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या जेवणाच्या टेबलाच्या सागवानी खुर्च्या वडिलांनी साठच्या दशकात सुताराकडून करून घेतल्या. पाय खाली निमुळते, किंचित बाहेर झुकलेले. तळाला खिळ्याचे लोखंडी बूट, म्हणजे पाय ज्यांवर टेकतो त्या चकत्या. ते झिजून फरशीवर ओरखडे उठू लागले, म्हणून तुमच्याकडून नायलॉनचे बूट मागवले आणि बसवण्याचे पैसेही भरले.

तुमच्या कारागिराने जुन्या बुटाखाली एकाच बाजूने स्क्रू-ड्रायव्हर घालून तो जोरात उचकला. लाकडाचा टवकाच निघाला. पातळ पटाशी चहूबाजूंनी थोडीथोडी सरकवून बूट आधी सैल करायचा, मग पकडीखाली फळीचा तुकडा ठेवून खिळा सरळ ओढायचा, हे कुठलाही सुतार सांगेल. थांबा म्हटले, तरी तो थांबला नाही.

नवा खिळा त्याने जुन्या भोकाला खेटून ठोकला. जुने भोक सागाची खुंटी आणि फेव्हिकॉल घालून बुजवायला हवे होते. पायाच्या तळाशी लाकडाचे तंतू उभे असतात. खिळ्यापेक्षा बारीक भोक आधी पाडले नाही, तर खिळा पाचर होऊन तंतू फाकवतो. तसेच झाले. पायाला उभी चीर गेली.

शिवाय बूट 20 मिमीचे म्हणून विकले, मोजले तर 25 भरले. पायाचा तळ 22 मिमीचा, त्यामुळे कडा बाहेर येतात. झुकलेल्या पायाला फिरत्या सांध्याचे बूट लागतात, हे ऑर्डरसोबत फोटो पाठवूनही कोणी सांगितले नाही. सपाट बूट एका कडेवरच टेकतो.

‘लाकूडच जुने होते’ हे तुमच्या कार्यालयाचे उत्तर मला मान्य नाही. याच पायांवर आमच्या घरच्या दोन पिढ्या जेवल्या. ही चीर जुनेपणाची नाही, हातोडीची आहे.

चिरलेला पाय जाणत्या सुताराकडून, माझ्यासमोर सांधून द्यावा. पाय बदलू नये, तसे लाकूड आणि तो रंग आता जुळणार नाही. बूट परत घेऊन त्यांची आणि बसवणीची पूर्ण रक्कम द्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाईन.

सोबत : बिलाची प्रत, पायाचे आधीचे व नंतरचे फोटो.

आपली,
एक ग्राहक, पुणे