वाट पाहतोय

प्रिय विन्या,

आठ महिने गप्प होतो, सबब नाही. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. शिव्या भेटल्यावर घाल, आधी हे ऐक, कारण दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

आपल्या जपानी आजींना मी मागच्या महिन्यात हाताने पत्र लिहिलं. शेवटी नेहमीचं वाक्य, उत्तराची वाट पाहतोय. काल त्यांचं उत्तर आलं: 'उत्तर तुमच्याकडेच असेल, तर जरा दाखवा ना.' दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग पेटली. 'मात्ते इमासु'च्या, म्हणजे वाट पाहतोयच्या जागी मी 'मोत्ते इमासु'चं, म्हणजे जवळ आहेचं अक्षर काढलं होतं! दोन्ही अक्षरांत उजवीकडे तेच देवळाचं चिन्ह; डावीकडे पाऊल हवं, तिथे मी हात काढला. वाट पाहायची सोडून उत्तर हातात धरून बसलो.

याच दोन अक्षरांवरून आपण किती भांडलो होतो! तू म्हणायचास, देवळाला सूर्य जोड, वेळ झाली. वाणी जोड, कविता झाली. गाय जोड, 'खास' झालं. गोष्ट रचून पाठ कर. मी म्हणालो, पोरखेळ, मी शंभर वेळा गिरवीन. गिरवलं रे. आणि परीक्षेत हे उघडकीस येतच नाही, तिथे लिहायचं काही नसतं, नुसते गोळे काळे करायचे.

त्यातही जपानीची एन-२ पातळीची परीक्षा दुसऱ्यांदा गेली. १८० पैकी ९० लागतात, मला ८७. नापास झाल्याचं मी गिळलं असतं. पण त्यानंतर पुस्तक उघडावंसंच वाटेना. हिरागानाची ४६ साधी अक्षरं शिकताना रोज काहीतरी हाताला लागायचं. आता २१३६ जोयो कांजींपैकी, म्हणजे रोजच्या वापरातल्या चित्राक्षरांपैकी, निम्म्या कशाबशा येतात. आज एक नवी बसली की कालची एक निसटते. पुढे चाललोय की जागच्या जागी पाय आपटतोय, कळत नाही. अमेरिकी परराष्ट्र खातं इंग्रजी भाषकांसाठी वर्गातले २२०० तास धरतं. रोज चाळीस मिनिटांनी हिशेब केला, नऊ वर्षं! तू विचारशील, तू कधीपासून इंग्रज झालास?

खरं दुखणं तेच. सहा वर्षं मी इंग्रज होऊनच शिकलो. 'वाताशि वा नेको गा सुकि देसु'. मांजराला कर्त्याचा प्रत्यय 'गा' का, हे इंग्रजी पुस्तक घाम गाळून समजावतं, आणि मी घाम गाळून समजून घेतो. अरे, 'मला मांजर आवडतं'! तिथेही मांजरच कर्ता, क्रियापदही शेवटी. घरात असलेलं सोडून मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून जपानीत असा द्राविडी प्राणायाम करत राहिलो, आणि थकलो की दोष कांजींना. तू हे दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतंस, मी तुला आळशी म्हटलं. ते मागे घेतो. (फक्त तेवढंच. माझा शब्दकोश तू अजून दिलेला नाहीस.)

डिसेंबरचा अर्ज भरलेला नाही. आजींना उत्तर मात्र लिहायला घेतलंय, दोन कागद फाडून झाले. तिसऱ्यावर चार ओळी टिकल्यात. इंग्रजीत कच्चं लिहिलं नाही, थेट.

तुझी बदली थांबली का? ताईंचे डोळे कसे आहेत? छोटी आता चालत असेल. सविस्तर लिही.

वाट पाहतोय. पाऊलवाली.

तुझा,
बंड्या